बरेच जण शोधून गेलेल्या जागी मेटल डिटेक्टरने जुनी नाणी सापडतात का?

तुमचा प्रश्न असा, की ज्या पडीक शेतात आधी अनेकांनी मशीन फिरवलं आहे तिथे पुन्हा वेळ घालवावा का. जरूर घालवा. जुन्या नाण्यांसाठी मी स्वतः अशीच जागा निवडतो, कारण लोक तिकडे पुन्हा पुन्हा गेले ते काहीतरी मिळत होतं म्हणूनच.

आधीच्या मंडळींनी ठणठणीत आवाज देणारी नाणी उचलली. उरली ती बहुतेक लोखंडाच्या आडोशाची. मशीनच्या टोकाच्या चकतीच्या, म्हणजे कॉइलच्या, चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत भोवरी प्रवाह (गोल फिरणारे विद्युतप्रवाह) निर्माण होतात आणि मशीन त्यांचा प्रतिसाद टिपतं. नाण्याला खेटून गंजलेला खिळा असला की दोघांचे प्रतिसाद एकमेकांत मिसळतात. त्यात डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको तो धातू गाळायचं सेटिंग, वाढवून लोखंड गाळलेलं असेल, तर खिळ्याबरोबर नाणंही गाळलं जातं. खिळ्यांची करकर नको म्हणून बहुतेक जण नेमकं तेच करतात. तुम्ही ते अगदी कमी ठेवा आणि करकर ऐकत चला.

कॉइल लहान घ्या, ५-६ इंचांची. खोली थोडी कमी मिळेल, पण मोठ्या कॉइलखाली एका वेळी चार खिळे येतात, हिच्याखाली एखादाच. हात अगदी सावकाश फिरवा, कारण लोखंडावरून गेल्यावर मशीनला सावरायला क्षणभर लागतो आणि घाईत नाणं नेमकं त्याच क्षणी मागे पडतं. मशीनमध्ये रिकव्हरी स्पीड, म्हणजे या सावरण्याच्या वेगाचं सेटिंग, असेल तर वाढवून बघा.

मग तीच पट्टी काटकोनात पुन्हा फिरा. दोन खिळ्यांमधलं नाणं एका दिशेने मुकं असतं, दुसऱ्या दिशेने तुटक का होईना पण उंच आवाज देतं. तसा आवाज लोखंडही कधीकधी देतं. अशा वेळी मी जागेभोवती फिरून ऐकतो: आवाजाची जागा सरकली तर बहुधा लोखंड, तिथेच राहिली तर खणतो. सोन्याचं नाणं मात्र या उंच आवाजाच्या नादात सुटू शकतं; लहान असेल तर मशीनच्या पडद्यावर त्याचा आकडा अ‍ॅल्युमिनियमच्या पन्नीच्या तुकड्यांच्या आसपास येतो.

खणून निघालेला खिळा परत मातीत टाकू नका, पिशवीत घाला. खड्डा बुजवण्याआधी त्यावर मशीन पुन्हा फिरवा, कारण झाकणारं लोखंड निघालं की खालचं नाणं बोलू लागतं. माझ्या मते जुन्या जागेवर याहून मोठी युक्ती नाही.

नांगरट झाल्यावर त्याच शेतात परत जा: खोलवरची नाणी वर येतात, उभं अडकलेलं नाणं आडवं होतं. उभ्या नाण्याचा सिग्नल फारच क्षीण असतो.

हे सगळं जमीनमालकाच्या परवानगीने. संरक्षित पुरातत्त्वीय जागेवर मशीन काढूच नका आणि सापडलेलं कुठे कळवायचं याचा तुमच्याकडचा कायदा आधीच वाचून ठेवा. नाणं हाती आलं की तिथल्या तिथे बोटाने घासू नका. मातीतल्या वाळूचे चरे कायमचे राहतात.