सासरे नुसते बसून राहतात

प्रश्न : माझे सासरे ७६ वर्षांचे आहेत. वागळे इस्टेटमधील कारखान्यात त्यांनी टर्नर (लेथ यंत्रावर धातूचे भाग मापात कातणारा कामगार) म्हणून नोकरी केली. गेल्या वर्षभरात तलावपाळीवरचा फेरफटका, वर्तमानपत्र, नातवाशी गप्पा हे सारे त्यांनी हळूहळू सोडले. ते रडत नाहीत, तक्रारही करीत नाहीत. घरात सगळे याला आळस म्हणतात. औषधाशिवाय काही करता येईल का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा आळस वाटत नाही; हे औदासीन्य (अ‍ॅपथी) असू शकते. नैराश्यात दुःख आणि अपराधीपणा असतो; औदासीन्यात मात्र वाईटही वाटत नाही आणि काही करावेसेही वाटत नाही. अल्झायमर, पार्किन्सन किंवा पक्षाघातात मेंदूच्या पुढच्या भागाशी निगडित यंत्रणा बाधित होऊन असे घडू शकते. म्हणून आधी डॉक्टरांकडून स्मृती, थायरॉइड, बी-१२, ऐकू येणे, दिसणे आणि चालू औषधे तपासून घ्यावीत. नैराश्यावरील काही गोळ्यांनीही औदासीन्य येते, पण गोळी परस्पर बंद करू नये.

अशा व्यक्तीला काम जमत नाही असे नसते, सुरुवात होत नाही. ती आपण करून द्यायची. ‘बाबा, फिरायला येता का?’ असे विचारल्यास ‘नको’ हेच उत्तर मिळेल. त्याऐवजी रोज ठरलेल्या वेळी चपला पुढे ठेवून ‘चला, भाजी आणू’ म्हणावे आणि सोबत निघावे. आवडीनुसार आखलेल्या कृतींचा उपयोग होतो असे अनेक अभ्यासांत दिसले आहे, जरी त्यांतील बरेचसे अभ्यास लहान आहेत. सासऱ्यांच्या हाताला मापांची सवय असणार. तेव्हा नट-बोल्ट आकारानुसार लावणे, व्हर्निअर कॅलिपरने (बारीक मापे घेण्याच्या साधनाने) मोजून नातवाला दाखवणे, सैल झालेली बिजागरी घट्ट करणे, अशी पंधरा-वीस मिनिटांची कामे त्यांना भजनी मंडळात बळेच बसवण्यापेक्षा अधिक मानवतील. तरुणपणी ऐकलेली गाणी आणि झेपेल तेवढा व्यायामही जोडीला असावा. दिवसभर चालू ठेवलेला टीव्ही मात्र यात मोडत नाही.

बदल संथ असतो आणि ते स्वतःहून उत्साह दाखवतीलच असे नाही. हातातले काम पाच मिनिटे अधिक चालले तरी ती प्रगती समजावी. घरातल्यांनी टोमणे थांबवावेत आणि हे काम आपापसांत वाटून घ्यावे, कारण रोज सुरुवात करून देणाराही थकतो. हा बदल एकाएकी, काही दिवसांतच झाला, बोलण्यात गोंधळ आला किंवा जगणे नकोसे झाल्याची भाषा आली, तर वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.