बेसबॉलची फलंदाजी : उघडणारा पाय, लांबणारे हात

प्रश्न : माझा १६ वर्षांचा मुलगा शिवाजी पार्कवर क्रिकेट खेळत वाढला, आता तो महाविद्यालयाच्या बेसबॉल संघात आहे. बाहेरच्या कोपऱ्यातला, म्हणजे शरीरापासून दूरचा, चेंडू त्याला लागत नाही आणि आतला लागला तरी बॅटच्या मुठीजवळ लागतो. काय सुधारावे?
– एक वाचक, दादर

उत्तर : ही बहुधा दोन वेगळ्या दोषांची लक्षणे आहेत. बाहेरचा चेंडू हुकत असेल तर आधी पुढचा पाय पाहावा. तो पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) दिशेने न पडता बाजूला उघडला, की कंबर आणि खांदा त्याच्यामागे ओढले जातात व बॅट त्या कोपऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

मुठीजवळ चेंडू लागणे हे मात्र हात फार लवकर लांबल्याचे चिन्ह आहे. १८.४४ मीटर अंतरावरून चेंडू टप्पा न पडता येतो, त्यामुळे मोठ्या वर्तुळात फिरणाऱ्या बॅटला वेळ उरत नाही. कंबर आधी वळावी आणि हात छातीलगत राहून मागोमाग यावेत. बॅटचे बुड पोटाला व टोक जाळीला टेकेल इतक्या अंतरावर उभे राहून त्याला सावकाश स्विंग करायला सांगा; सुरुवातीलाच बॅट जाळीला घासली, तर हात लांबले असे समजावे. (सोसायटीच्या भिंतीवर हा प्रयोग नको, शेजारी ऐकून घेणार नाहीत.)

त्यानंतर टीवर, म्हणजे चेंडू ठेवण्याच्या उभ्या दांड्यावर, सराव करावा. आतला चेंडू पुढच्या पायाच्या पुढे ठेवावा. बाहेरचा थोडा मागे ठेवून, मुलगा उजव्या हाताने खेळत असल्यास, तो उजव्या बाजूच्या मैदानाकडेच मारायला लावावा.