ड्रॅक्युलाचं विडंबन की विटंबना?

अमेरिकी दिग्दर्शक मेल ब्रुक्सच्या १९९५च्या विनोदी ड्रॅक्युलापटावर लिहिताना ‘मूळ पात्रांची विटंबना केली आहे’ असं म्हटलं तर चालेल का, विडंबन आणि विटंबना एकच ना, असा प्रश्न आहे.

मूळ एकच. संस्कृत ‘विडम्ब्’मध्ये नक्कलही आहे आणि चेष्टाही. मराठीने मात्र वाटणी करून टाकली. पुतळ्याची विटंबना होते, कवितेचं विडंबन होतं. विटंबना करणाऱ्याला मूळ वस्तूची ओळखसुद्धा लागत नाही; विडंबनकाराला ती तोंडपाठ असावी लागते.

१९३१च्या चित्रपटात बेला लुगोसीचा काउंट ड्रॅक्युला लांडग्यांचं ओरडणं ऐकून म्हणतो, ‘ही रात्रीची लेकरं, काय संगीत करतात!’ ब्रुक्सच्या चित्रपटात लेस्ली नीलसनचा काउंट वटवाघळांच्या घाणीवरून जिन्यात घसरतो. मग म्हणतो, ‘ही रात्रीची लेकरं, काय घाण करतात!’ थाट तोच, बदलला एक शब्द. अत्र्यांनी केशवसुतांच्या ‘आम्ही कोण म्हणून काय पुसता?’पुढचं ‘आम्ही असू लाडके’ उडवून ‘दाताड वेंगाडुनी’ बसवलं, वृत्ताला धक्काही न लावता. (दाताड! काउंटलाही शोभलं असतं.)

खरी गंमत रेनफील्डची. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या मूळ कादंबरीत ड्रॅक्युलाच्या गढीवर जातो तो हार्कर नावाचा तरुण वकील. रेनफील्ड वेड्यांच्या इस्पितळातला रुग्ण. माश्या कोळ्यांना, कोळी चिमण्यांना घालून, स्वतःही ते खाऊन तो जिवांचा चोख हिशेब ठेवतो, आणि त्या हिशेबाचीच भीती वाटते. १९३१च्या चित्रपटाने हार्करऐवजी त्यालाच गढीवर धाडलं. ब्रुक्सनेही तेच केलं, म्हणजे त्याच्यासमोर मुख्यतः तो चित्रपट होता. तेव्हा ‘कादंबरीचं विडंबन’ असंही सरसकट लिहू नका. ब्रुक्सचा रेनफील्डही किडेच खातो, पण डॉक्टरांसमोर बसून, त्यांची नजर चुकवून. मधुमेह झालेल्या काकांनी पेढा तोंडात टाकावा तसा. खोड तीच ठेवली, तिला फक्त लाज चिकटवली.

याला विटंबना कशी म्हणणार? ‘पात्रांचं विडंबन’ म्हणा. चित्रपट रटाळ वाटला असेल तर ‘फसलेलं विडंबन’ म्हणा. फक्त ‘पात्रांची विडंबना’ नको. ते रूप हल्ली हिंदीतून येतं, आणि तिथे त्याचा अर्थ दैवदुर्विलासाकडे झुकतो.