चांदणी लावायची की नाही?

"मॅडम, मला फक्त एवढंच सांगा. यंदा नाताळ करायचा की नाही करायचा?"

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली. उत्तर मिळालं की उठायचं, अशा बेताने.

घरातलं माणूस गमावलेल्यांशी बोलणं हे माझं काम, त्यामुळे हा प्रश्न मला दरवर्षी येतो. बहुतेक वेळा दिवाळीच्या तोंडावर, कधी गणपतीत, एकदा ईदच्या आधी. घरातलं माणूस गेलेलं असतं, वर्ष पुरं झालेलं नसतं आणि सण दारात येऊन उभा राहतो. केला तर लोक काय म्हणतील, नाही केला तर पोरांचं काय? आणि केला, तर आपल्या पोटात जे होईल त्याचं काय, हे मात्र फारसं कुणी बोलून दाखवत नाही.

(बाईंच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

बाई सहासष्ट वर्षांच्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त. राहायला नाशिकला, शरणपूर रोडच्या बाजूला. गल्लीत सगळे त्यांना बाईच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणत आले. यजमान नाशिक रोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. जूनमध्ये हृदयविकाराने गेले, झोपेतच. एकेचाळीस वर्षांचा संसार. घरात मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात.

आधी मी माझ्या नेहमीच्या चौकश्या केल्या. झोप लागते का? जेवण जातं का? बीपीची गोळी चुकते का? जीव नकोसा होतो का, हेही सरळ विचारते. आडून विचारलं की उत्तरही आडूनच येतं. झोप तुटक होती. बाकी सगळं बऱ्यापैकी जागेवर होतं. "नकोसा नाही होत हो," त्या म्हणाल्या, "नुसता कंटाळा येतो. दात घासायचासुद्धा." सहा महिन्यांत हे असू शकतं. दीर्घ शोकाचं निदान करायला जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, आयसीडी-११, किमान सहा महिने आणि अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांची २०२२ ची सुधारित नियमावली मोठ्या माणसांसाठी किमान बारा महिने उलटलेले असावेत असं म्हणते, पण नुसत्या कॅलेंडरवरून कुणी निदान करत नाही. दिवसाचं कामकाज ठप्प झालं आहे का, ते पाहावं लागतं. बाईंचं ठप्प नव्हतं, रेंगाळत होतं. (जीव नकोसा होण्याचं उत्तर कुणाकडे 'हो' असेल, तर सणाचा विचार नंतर. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर सरकारी आहे, फुकट आहे आणि रात्रीही लागतो.)

मुलगा बाहेर बसला होता. त्याला आत बोलावलं तर तो फाइल घेऊन आला. खरोखरची फाइल. 'पप्पांचा नाताळ' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढून त्यात त्याने कामं वाटली होती: स्टार कुठल्या खिळ्याला, गव्हाणी कुठल्या कोपऱ्यात, मटण कुणाकडून, सगळं पप्पा करायचे तस्सं. शिवाय शोकाच्या पाच पायऱ्यांची प्रिंट: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. "मम्मी दुसऱ्या पायरीवर अडकलीय, रागाच्या," त्याने मला समजावून सांगितलं.

त्या पाच पायऱ्यांनी माझ्या धंद्यात फार घोळ घातला आहे. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटल्या. जिना चढावा तसं कुणी शोक करत नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या दोघा अभ्यासकांनी १९९९ मध्ये जे मांडलं ते मला रोजच्या कामात जास्त पटतं: माणूस झोपाळ्यासारखा जातो-येतो. घटकाभर गेलेल्याकडे, घटकाभर गॅस, लाइट बिल, नातीचा डबा याकडे. दोन्हीकडे जाणं लागतं. या घरात गंमत अशी की मायलेकांनी एकेक टोक वाटून घेतलं होतं. मुलगा करून करून रडत होता आणि आई न करून. दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला काही वाटतच नाही.

भांडण पेटलं होतं ते एका पत्र्याच्या डब्यावरून.

यजमान दर नाताळला घरातल्या प्रत्येकासाठी दोन-चार ओळींची कविता लिहायचे. पंचवीस तारखेला दुपारी पान वाढलं की ताटाखालून पाकीट निघायचं. आत चिठ्ठी आणि दहाची कोरी नोट. "आयुष्यभर नोटा छापल्या माणसाने," बाई म्हणाल्या, "पण या नोटांसाठी डिसेंबरात बँकेत रांग लावायचे. कॅशियर हसायचा." कविता म्हणजे काय, तर मला दाखवलेली एक अशी:

"भाजी खारट झाली तरी मी बोललो नाही काही,
एवढं पुण्य स्वर्गात जायला पुरेल का हो, बाई?"

मुलगा जन्मला त्या वर्षापासूनच्या चिठ्ठ्या बाईंनी बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या होत्या. मुलाला त्यांच्या झेरॉक्स काढून यंदा पाकिटांत घालायच्या होत्या. बाईंनी डबा कपाटात ठेवून किल्ली पर्समध्ये टाकली. मग पर्स का धरून बसल्या होत्या ते मला कळलं.

"शिळी कविता वाटायची का पाहुण्यांना?" त्या म्हणाल्या.

"मग तू लिही," मुलगा म्हणाला. बाई नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लक्ष्मीबाईंनी टिळकांचं 'ख्रिस्तायन' पुरं केलं, हे मला आतापर्यंत तिघांनी सांगून झालंय. त्या लक्ष्मीबाई होत्या. मला चौथीच्या पोरांचे निबंध तपासता येतात."

नाशिकच्या ख्रिस्ती घरात हा दाखला येणारच. लक्ष्मीबाई टिळक इथल्याच, जलालपूरच्या. १९१९ मध्ये त्यांचे यजमान, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक गेले तेव्हा येशूच्या चरित्रावरचं त्यांचं हे काव्य अपुरं होतं, ते लक्ष्मीबाईंनी तडीस नेलं. पण दुःखात असलेल्या बाईला थोरामोठ्यांची उदाहरणं देणं म्हणजे पाय मुरगळलेल्याला मॅरेथॉनचा फोटो दाखवणं. मीही ते करणार होते, त्यांनी आधीच बोलून मला वाचवलं.

पुढची चूक मात्र मी केलीच. जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी ठेवा, समोर मेणबत्ती लावा, असं सुचवलं. अनेक घरांना हे मानवतं. बाई शांतपणे म्हणाल्या, "खुर्ची रिकामी आहे हे मला खुर्ची ठेवून कळायला हवं होय?" मी वहीतलं ते वाक्य खोडलं. त्यांच्यासमोरच.

दुसऱ्या भेटीत मी सल्ला द्यायचा नाही असं ठरवून बसले. त्यांना म्हटलं, चोवीस तारखेच्या संध्याकाळपासून पंचवीसच्या रात्रीपर्यंत तुमच्याकडे काय काय होतं ते सांगा. मी हिंदू घरातली, मला तुमच्याकडचं नीट माहीत नाही. हे निमित्त नव्हतं, खरंच माहीत नव्हतं.

बाई मग वर्गात शिकवावं तसं सांगू लागल्या. करंज्या बावीसलाच होतात, कारण नंतर स्वयंपाकघरात उभं राहायला जागा नसते. शंकरपाळे, चिवडा. केक बेकरीतून. कागदी चांदणी पहिल्या आगमन रविवारीच, म्हणजे नाताळच्या चार रविवार आधी, गॅलरीत लागते. त्या तिला स्टारच म्हणतात. तरुण संघाची पोरं गिटार आणि ढोलकी घेऊन गाणी म्हणायला येतात, त्यांना चहा. चोवीसला रात्रीची उपासना. थंडी अशी की निफाडचा पारा दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर. पांढरी साडी, वर स्वेटर, त्यावर शाल, "म्हणजे साडी नेसली काय नि न नेसली काय." गाणी, उपदेश, प्रार्थना. आणि मग...

इथे त्या थांबल्या. पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला.

"मग बाहेर आवारात सगळे हात मिळवतात. हॅपी ख्रिसमस, हॅपी ख्रिसमस. हे माझ्या डाव्या हाताला उभे असायचे. मला नावं आठवत नाहीत लोकांची, शाळेतल्या पोरांचीच तेवढी आठवतात. हे कानात सांगायचे, 'अमक्याची सून', 'तमक्याचा धाकटा'. दहा-पंधरा मिनिटं असतात ती. बाकी मी सगळं करीन हो. पण तिथे मी कशी उभी राहू?"

आठवडाभर आम्ही तिघं मिळून 'नाताळ करायचा की नाही' या डोंगराला धडका देत होतो आणि डोंगरात दुखणारी जागा होती पंधरा मिनिटांची, चर्चच्या पायऱ्यांपासून फाटकापर्यंतची.

असं नेहमी होतं असं नाही. कुणाला पूर्ण सणच नको असतो आणि तेही ठीकच. पण 'सण करायचा का' याला उत्तर नसतं, कारण सण ही एक गोष्ट नसते. त्यात चाळीस छोट्या गोष्टी असतात. त्यातल्या पंचवीस हाताला आपोआप येतात, दहा कुणालाच नको असतात पण बोलत कुणी नाही, आणि दोन-तीन खरोखर सुरीसारख्या लागतात. त्या दोन-तीन शोधायच्या. म्हणून मी आता सगळ्यांना तास-तास सांगायला लावते. दिवाळीतही. एकांचं दुखणं अभ्यंगस्नानाला पाठीला तेल कोण लावणार एवढंच निघालं होतं.

उरलेलं काम पटकन झालं. स्टार लावायचा, कारण नातीने विचारलं होतं. पोरांनी गाणं फाटकाशीच म्हणायचं, एकच. करंज्या घरी नाहीत. उपासनेला बाईंनी शेवटच्या बाकावर बसायचं आणि शेवटचं गीत चालू असतानाच नातीला घेऊन निघायचं. आवारात मुलगा आणि सून उभे राहतील, कुणी विचारलं तर "मम्मी पुढे गेलीय" म्हणतील. मुलगा कुरकुरला, बरं दिसणार नाही म्हणाला. मी म्हटलं, नाही दिसणार. एक वर्ष नाही दिसलं बरं, तर चालेल का? तो फाइलकडे बघत राहिला आणि मग बोलला ते वेगळंच. त्याला आवारात वडिलांच्या जागी उभं राहायची भीती वाटत होती. नावं त्यालाही आठवत नाहीत. इतका वेळ ही भीती त्या फाइलखाली होती.

डब्याचा निर्णय झाला नाही. मी लावूनही धरला नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बाई आल्या. बेत बहुतेक ठरल्यासारखा पार पडला, असं म्हणाल्या. शेवटच्या गीताच्या दुसऱ्या कडव्याला उठल्या, कुणाशी नजर न मिळवता बाहेर आल्या. फाटकाशी वॉचमन उभा होता, मफलर गुंडाळून. तो म्हणाला, "मेरी ख्रिसमस, बाई. साहेब?" त्याला माहीतच नव्हतं. नवीन लागला असेल, किंवा गावी गेलेला असेल जूनमध्ये. बाई तिथेच, फाटकाचा गज धरून रडल्या. वॉचमनने खुर्ची दिली, स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला. "एवढा विचार केला आपण, मॅडम," त्या मला म्हणाल्या, "वॉचमनचा नाही केला." आवाजात तक्रार नव्हती.

पंचवीसला सकाळी विहीणबाई निफाडहून आल्या, दोन डबे घेऊन. त्यांच्याकडे दुःखाच्या घरी पहिल्या वर्षी तळण होत नाही, सोयरे फराळ आणून देतात. बाई आधी वैतागल्या, आमच्यात असलं काही नसतं म्हणाल्या. करंज्या मात्र चांगल्या होत्या. "माझ्यापेक्षा पातळ पारी. मी सांगितलं नाही तिला."

जेवणाआधी लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय वाचायचा रिवाज. तो यजमान वाचायचे, खास आवाज काढून. यंदा पुस्तक नातीकडे गेलं. इंग्रजी शाळेतली पोर, बोट ठेवून वाचत होती. गव्हाणीपाशी आली आणि अडली. "आजी, बाळंतं म्हणजे काय?" बाळाला ज्यात गुंडाळतात ते. म्हणजे टॉवेल? टॉवेल नव्हे गं, मऊ, जुन्या साडीचं, धुऊन धुऊन झालेलं. मग सुनेने आत जाऊन नातीचंच एक जुनं बाळंतं शोधून आणलं, पिवळट पडलेलं, आणि अध्याय राहिला बाजूला. दहा मिनिटं ते कापड हातोहात फिरलं. विहीणबाईंनी त्याचा वास घेतला. वाचन अर्ध्यावरच राहिलं. बाईंना त्याची थोडी टोचणी आहे, पाळकसाहेबांना सांगणार नाही म्हणाल्या.

"आणि पाकिटं?" मी विचारलं.

पाकिटं होती. बाई तेवीसला स्वतः बँकेत गेल्या होत्या, रांगेत उभ्या राहिल्या. कोऱ्या दहाच्या नोटा मिळाल्या नाहीत, विसाच्या मिळाल्या. प्रत्येक पाकिटावर नाव घातलं, आत नोट. चिठ्ठी नाही. जुनी नाही, नवी नाही. मुलाने पाकीट उघडलं, आत बोट फिरवून पाहिलं आणि खिशात ठेवलं. काही बोलला नाही. संध्याकाळी त्याने डब्याबद्दल विचारलं, तेव्हा बाईंनी किल्ली दिली नाही, पण डबा स्वतः उघडला आणि एक-एक चिठ्ठी काढून त्याच्या हातात देत गेल्या. "वाच आणि परत दे," अशा अटीवर. दोन वर्षांच्या चिठ्ठ्या वाचून झाल्या. मग लाइट गेली.

झोप आता कशी आहे, विचारलं. बरी. कंटाळा? आहे. दात घासते.

उठता उठता त्या म्हणाल्या, "स्टार अजून वरच आहे. सहा जानेवारीला उतरवतो आम्ही दरवर्षी. स्टुलावर हे चढायचे, मी स्टूल धरायची. मुलगा म्हणाला, मी चढतो. मी म्हटलं राहू दे."

मी पुढच्या भेटीची तारीख विचारली. त्यांनी फेब्रुवारीचा पहिला सोमवार सांगितला आणि पर्समधून पेन काढून स्वतःच माझ्या वहीत लिहिला, शाळेच्या अक्षरात.