कोर्टात न चाललेले वकीलच बालहक्क संस्थेत जातात का?

तुमचा प्रश्न: पाच वर्षं वकिली झाली, बालकल्याणाचं काम करणाऱ्या फाउंडेशननं कायदा विभागप्रमुख म्हणून बोलावलंय. यात करिअर आहे, की कोर्टात न चाललेले लोकच तिकडे जातात? पगाराचं, सनदेचं (वकिलीच्या परवान्याचं) काय?

मधलं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. मी वकिलीचं ऑफिस सोडून अशाच संस्थेत गेले तेव्हा माझे सिनिअर हेच म्हणाले होते. "जमत नाही म्हण ना सरळ."

तर एक पोक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याची, केस ऐका. वाद एकच, मुलगी १८च्या खाली की वर. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. आपल्याकडे निम्मं गाव १ जूनला जन्मतं, हे न्यायाधीशांनाही ठाऊक असतं. आरोपीच्या वकिलांनी तेच धरलं: गुरुजींनी अंदाजानं टाकलेली तारीख, हाडांची चाचणी करा. त्या चाचणीत वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होतात आणि संशयाचा फायदा आरोपीला. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४मधला वयाच्या पुराव्यांचा क्रम तुम्हाला माहीत असेलच. दाखला डळमळला तर पुढचा आधार पंचायतीचा जन्मदाखला, आणि तो गावात सापडत नव्हता.

आईला तारीख सांगता येईना. एवढंच म्हणाली, "खांदेमळणीचा दिवस होता, दुसऱ्या दिवशी पोळा." मग बोलता बोलता निघालं की बाळंतपण माहेरी झालेलं. सगळे सासरच्या ग्रामपंचायतीत शोधत होते! एसटीनं माहेरच्या गावी गेले. ग्रामसेवक मंगळवारीच येतात, म्हणून पुन्हा मंगळवारी गेले. नोंदवहीच्या कडा वाळवीनं खाल्लेल्या, बाळाच्या नावाचा रकाना कोरा, नुसतं 'स्त्री'. पण आईबापाची नावं आणि तारीख शाबूत. घटनेच्या दिवशी मुलगी पंधरा वर्षांची. ग्रामसेवक साक्षीला तिसऱ्या तारखेला उगवले, तेही मीच गाडी पाठवल्यावर.

पोक्सोत पीडित मुलाच्या वकिलाला खटला स्वतः चालवता येत नाही, सरकारी वकिलांना साहाय्य करायचं. त्यामुळे निकालपत्रात नोंदवहीवर दीड पान आहे, माझं नाव कुठेच नाही. सिनिअरांच्या हिशेबात ही वकिली नव्हेच.

विभागप्रमुख झालात की अशा केसेस कमी आणि फायली जास्त. पॅनेलवरच्या वकिलांची बिलं, संस्थेचे करार, बाल कल्याण समितीपुढच्या तारखा, पोलिसांना 'मुलाचा जबाब गणवेशात घ्यायचा नाही' हे दर वर्षी नव्यानं सांगणं. पगार चांगल्या चालणाऱ्या प्रॅक्टिसपेक्षा कमीच. महिन्याच्या महिन्याला येतो, देणगीदार टिकला तर.

सनदेचं मात्र सही करण्याआधी बघा. बार कौन्सिलच्या नियम ४९नुसार पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की प्रॅक्टिस बंद, सनद स्थगित. कोर्टात उभं राहायचं असेल तर रिटेनरवर (नोकरी नव्हे, ठरलेल्या फीवर) काम मागा, तेही लेखी. आणि उलटतपासणीचा कंटाळा आलाय म्हणून जात असाल तर जाऊ नका. तेवढ्यापुरतं सिनिअरांचं खरं होतं. माझा अनुभव एकाच संस्थेचा, हेही धरून चाला.

गेल्या दिवाळीत सिनिअरांचाच फोन आला. भाच्याला कारा या दत्तकाच्या केंद्रीय संस्थेमार्फत बाळ मिळालंय, दत्तकाचा अर्ज कुठल्या कोर्टात लावायचा? म्हटलं, सर, बाल न्याय कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीपासून दत्तकाचा आदेश कोर्ट देत नाही, जिल्हाधिकारी देतात. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "कागद काय काय लागतात, लिहून पाठव." पाठवले.