पुण्याच्या साइटवरून इंग्लंडला निघताय, तर त्या बारा वर्षांबद्दल

तुम्ही विचारलंत की पुण्यात बारा वर्षं साइट सांभाळलीय, निकमारचा (बांधकाम व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेचा) कोर्स केलाय, पीएमपी हे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट आहे, तर इंग्लंडमध्ये थेट प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून घेतील का आणि सीआयओबी, म्हणजे बांधकाम व्यवस्थापकांच्या ब्रिटिश संस्थेची मेंबरशिप, करायलाच हवी का. व्हिसा, पगार वगैरे सरकारी साइटवर सगळं आहे, ते मी लिहीत बसत नाही. मला त्या बारा वर्षांबद्दल बोलायचंय, कारण प्रश्न वाचला आणि माझं सगळं परत वर आलं.

आपल्याकडे सिव्हिल इंजिनिअरला देशपातळीवर लायसन्स लागेल असा कायदाच नाही. डिग्री काय, किती वर्षं झाली, शेवटचा टॉवर किती मजली होता, एवढ्यावर माणूस जोखतात. निकमार १९८३ पासून चांगली माणसं घडवतंय, महारेरात (बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात) फॉर्म २ वर इंजिनिअरची सही लागते, पण साइट चालवणारा त्या कामाला लायक आहे का हे वेगळं कुणी तपासत नाही. पीएमपी जगभर चालते हे खरं, पण ३ वर्षांचा अनुभव आणि ३५ तासांचं ट्रेनिंग दाखवून सॉफ्टवेअरवाला जी परीक्षा देतो तीच आपणही देतो, त्यात काँक्रीट कुठे येतच नाही.

इथे इंग्लंडमध्ये बांधकामवाल्यांमध्ये वजन आहे ते एमसीआयओबीला, म्हणजे सीआयओबीच्या मेंबरला. मेंबर करून घेताना तीन गोष्टी बघतात, कामाची जाण, मॅनेजमेंट आणि व्यावसायिक नीती, आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःच्या कामातला दाखला द्यावा लागतो. समजा स्लॅब टाकायचाय, काँक्रीटचे ट्रक गेटवर उभे आहेत आणि सेंट्रिंगचे प्रॉप (स्लॅबखालचे टेकू) कमी बघून तुम्ही काम थांबवलंत. आपल्याकडे हे फोनवर होतं, कॉन्ट्रॅक्टर चार शब्द ऐकवतो, मुकादम प्रॉप वाढवतो, रात्री उशिरा स्लॅब ओतून होतो आणि कागदावर काहीच उरत नाही. इथे विचारणार की थांबवलं कुणी, कशाच्या आधारावर, कुणाला लेखी कळवलं, खर्च कुणी सोसला, पुढच्या मजल्याला काय बदललं.

हे उगाच नाही. १४ जून २०१७ ला लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवर जळाला, ७२ माणसं गेली, मग २०२२ चा बिल्डिंग सेफ्टी ॲक्ट आला. आता १८ मीटर किंवा ७ मजले आणि त्यावरच्या राहत्या इमारतीचं काम इमारत-सुरक्षेच्या सरकारी रेग्युलेटरच्या मंजुरीशिवाय सुरूच करता येत नाही, आणि मुख्य कॉन्ट्रॅक्टरकडे काय क्षमता हवी यासाठी पास ८६७२ हे वेगळं स्टँडर्ड आहे. मुंब्र्याला २०१३ मध्ये बेकायदा इमारत कोसळून ७४ जण गेले, त्यानंतर आपल्याकडे साइट मॅनेजरच्या पात्रतेचा कायदा काही आला नाही. म्हणून इथली पद्धत मला मनापासून पटते.

पण राग आहे तो आहेच. होळीला गावी गेलेली मजुरांची गँग परत येईपर्यंत साइट चालू ठेवणं, भर पावसात खोदाई सांभाळणं, याला सीआयओबीच्या फॉर्ममध्ये जागाच नाही. मला असिस्टंट साइट मॅनेजर म्हणून घेतलं, वयाने लहान मुलाच्या हाताखाली. साइटच्या गेटमधून आत जायला सीएससीएस हे ओळखीचं कार्ड, त्याआधी सीआयटीबी या बांधकाम प्रशिक्षण मंडळाची सेफ्टी परीक्षा, मग साइट मॅनेजरसाठीचा ५ दिवसांचा एसएमएसटीएस हा सेफ्टी कोर्स. हे सगळं चालतं हो. खरा छळ अनुभवाच्या पत्राचा झाला. जुन्या कंपनीने दिलं ते तीन ओळींचं, तारखा, पदनाम आणि "हार्डवर्किंग अँड सिन्सियर". माझं काम बघितलेले साहेब नोकरी सोडून गेलेले, एचआरला मेल करकरून थकले, शेवटपर्यंत नीट पत्र मिळालं नाही ते नाहीच.

तुम्हाला मुलं आहेत म्हणून हेही सांगते. आम्ही वर्षाच्या मध्येच आलो, कौन्सिलने (इथल्या पालिकेने) दिलेली शाळा दोन बस बदलून होती. सांगलीत इंग्रजी माध्यमात पुढे असलेल्या माझ्या मुलीला इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या गटात बसवलं, चाचणी न घेता, नुसतं घरची भाषा मराठी लिहिलीय म्हणून. मी भेटायला गेले तर बाई गोड हसून म्हणाल्या, मदतीसाठीच आहे. त्या वर्षी पोरीने वर्गात तोंड उघडलं नाही. आता मजेत आहे, मैत्रिणी आहेत, ती विसरलीसुद्धा असेल, पण मला ते वर्ष अजून सलतं आणि नवऱ्यासमोरसुद्धा मी हे नीट बोललेली नाही.

एकटेपणाचं विचारलंत, तो येतो, महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती आहेत, निभतं.

तर घेतील का? मोठ्या हुद्द्यावर लगेच धरून चालू नका. पीएमपी असू द्या, पण सीआयओबीचं पुण्यात असतानाच सुरू करा, भारतात राहून मेंबर होता येतं. आणि तुमचं काम पाहिलेले साहेब अजून त्याच कंपनीत असतील तर या महिन्यातच त्यांच्याकडून पत्र घ्या, प्रोजेक्टची किंमत, तुमच्या हाताखालची माणसं, तुम्ही स्वतः घेतलेले दोन-तीन निर्णय, सगळं त्यात यायला हवं. मसुदा तुम्हीच करा आणि मला पाठवा, मी वाचून दुरुस्त्या सांगते.