अक्कलदाढेसाठी एफडी मोडू का?

फोंड्याहून एका वाचक ताईंनी विचारले आहे. वय २७. खालच्या दोन्ही अक्कलदाढा हाडात अडकलेल्या. डावीकडची हिरडी वर्षभरात तीनदा सुजली, उजवी कधीच दुखली नाही. खाजगी दवाखान्यात दोन्ही काढायचे १८,००० रुपये सांगितलेत. ५०,००० ची, ७ टक्क्यांची दोन वर्षांची एफडी सहा महिन्यांत पिकते. ती मोडावी, की गणेश चवथ होईपर्यंत गोळ्यांवर दिवस काढावेत?

ताई, डावी दाढ ढकलू नका. अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीचा पदर राहतो, त्याखाली अन्न अडकते. गोळ्यांनी सूज उतरते, पण पदर तिथेच असतो, म्हणून दुखणे फिरून येते. मला जास्त काळजी तिच्या शेजारच्या दाढेची आहे. आडवी दाढ तिला टेकली असेल तर त्या फटीत ब्रश पोचत नाही. तिथे खोल कीड लागली की रूट कॅनल आणि कॅपचा खर्च, तोही चावायच्या दाढेवर. अक्कलदाढेवाचून तुमचे काहीच अडत नाही.

उजवीचे मात्र घाईने ठरवू नका. निरोगी अडकलेली दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये, असे ब्रिटनच्या नाइस या उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २००० सालीच सांगितले. वय वाढले की हाड घट्ट होते आणि काढणे जड जाते, हेही खरे. म्हणून डॉक्टरांना ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, समोर ठेवून विचारा: शेजारी कीड, गाठ काही दिसते का? नसेल तर ९,००० वाचले. तपासणी तेवढी चालू ठेवा.

आता उरले ९,०००. आरोग्य विम्यावर विसंबू नका, बहुतेक पॉलिसींत अपघात सोडून दातांचे उपचार बसत नाहीत. एफडी मोडलीत आणि बँकेने १ टक्का कापला, तर दीड वर्षाचे सुमारे ७५० रुपये जातील. त्यापेक्षा एफडीवरच ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ती तारण ठेवून बँकेकडून लागेल तेवढी उचल. ८ टक्के दर पडला तरी सहा महिन्यांचे व्याज ३६० च्या आसपास, आणि एफडी शाबूत.

त्याआधी एक्स-रे घेऊन बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजात जाऊन या. सरकारी रुग्णालय आहे, खर्च विचारा. फेऱ्यांची रजा बिनपगारी असेल तर तीही हिशेबात धरा. शस्त्रक्रियेनंतर सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, तेव्हा तारीख चवथीच्या निदान दोन आठवडे आधीची मागा.